आपल्याच नावाचा कागद: सरकारी दप्तरातील नोंद पाहण्याचा आणि दुरुस्त करून घेण्याचा हक्क

बीड जिल्ह्यातील एका शेतकरी कुटुंबातल्या पदवीधर तरुणाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबांचे नाव जुन्या खासरा पत्रकाच्या (जमीन-पाहणीच्या नोंदीच्या) नकलेत ‘कसन’, गावच्या शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत ‘किसन’ आणि मृत्यूच्या नोंदीत ‘कृष्णा’ असे तीन तऱ्हांनी लागले आहे. या तफावतीवरून त्याचा जात प्रमाणपत्राचा अर्ज नामंजूर झाला. नामंजुरीमागचा शेरा पाहण्यासाठी त्याने माहिती अधिकारात अर्ज केला, तेव्हा ‘मागितलेली माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने देता येत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. स्वतःच्याच कागदावर आपला हक्क नसतो का, आणि चुकलेली नोंद दुरुस्त करून देण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, असे त्याने विचारले आहे.

मराठवाड्यात महसुली आणि सेवाविषयक प्रकरणे चालवताना हा प्रश्न माझ्यासमोर इतक्या वेळा आला आहे, की उत्तराची सुरुवात कोठून करायची हे आता ठरून गेले आहे. नोंद पाहण्याचा हक्क वेगळा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क वेगळा. अमेरिकेत १९७४ सालच्या एकाच कायद्यात नागरिकाला केंद्र सरकारच्या दप्तरातील आपली नोंद पाहण्याची आणि तिच्यात दुरुस्ती मागण्याची सोय आहे. आपल्याकडे तसा एकच एक कायदा नाही. पाहण्यासाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ हे मुख्य साधन आहे, तर दुरुस्तीसाठी ती नोंद ज्या कायद्याखाली घेतली गेली त्या कायद्याकडेच जावे लागते. माहिती अधिकाराच्या अर्जात ‘नाव दुरुस्त करून द्यावे’ असे लिहिणारे आणि तलाठ्याकडे दुरुस्तीचा अर्ज देऊन फाइल पाहायला मिळेल अशी वाट बघणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक महिनोन्महिने खेटे घालताना मी पाहिले आहेत.

प्रथम नकाराविषयी. जन माहिती अधिकाऱ्याने ज्या तरतुदीचा आधार घेतला ती कलम ८(१)(ञ) होय, जिला कचेरीत सगळे ‘आठ एक जे’ म्हणतात. ही तरतूद एका व्यक्तीच्या खाजगीपणाचे दुसऱ्यापासून रक्षण करण्यासाठी आहे. ज्याचा खाजगीपणा राखायचा त्याच्याच विरुद्ध ती वापरता येत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. याउलट ऑक्टोबर २०१२ मध्ये गिरीश देशपांडे प्रकरणात एका शासकीय अधिकाऱ्याचे सेवाविषयक तपशील दुसऱ्या अर्जदाराला नाकारले गेले. हे दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे मागणारा कोण आणि माहिती कोणाची, यावर उत्तर कसे बदलते ते दिसते. बरेच अधिकारी दुसरा निकाल पाठ म्हणतात आणि पहिला विसरतात.

नोव्हेंबर २०२५ पासून मात्र या कलमाचा मजकूर बदलला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ च्या कलम ४४(३) ने ‘सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसलेली’ आणि ‘खाजगीपणावर अवाजवी आक्रमण करणारी’ या दोन्ही अटी काढून टाकल्या, आणि आता तेथे केवळ ‘वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती’ एवढेच शब्द उरले आहेत. संसदेला किंवा विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती कोणालाही नाकारता येणार नाही, हे परंतुकही गेले. त्यामुळे शब्दशः वाचणारा अधिकारी अर्जदाराला त्याची स्वतःची माहितीही नाकारू लागला, तर मला आश्चर्य वाटणार नाही. प्रश्नकर्त्याला आलेले एका ओळीचे उत्तर त्याच वळणाचे आहे. तरीही कलम ८(२) शाबूत आहे, म्हणजे सार्वजनिक हित संभाव्य हानीपेक्षा जड असेल तर माहिती देता येते. कलम ४(१)(ड) हेही शाबूत आहे, ज्यानुसार प्रशासकीय निर्णयाची कारणे त्या निर्णयाने बाधित झालेल्या व्यक्तीला कळवणे हे कार्यालयाचे कर्तव्य आहे. अर्ज नामंजूर होऊन आपण बाधित झालेलो आहोत. अपिलात हा मुद्दा पहिल्या परिच्छेदात घ्यावा आणि उत्तरपत्रिकेचा निकाल त्याला जोडावा.

आजोबांच्या कागदांसाठी याहून भक्कम आधार आहे आणि तो वापरणारे अर्जदार मला फारच थोडे भेटले. कलम ८(३) असे सांगते, की अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून अधिक काळ आधी घडलेल्या बाबीची माहिती, देशाची सुरक्षा, विधिमंडळाचा विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाची कागदपत्रे यांविषयीचे तीन अपवाद सोडले तर, द्यावीच लागते. या तीन अपवादांत ‘आठ एक जे’ येत नाही. म्हणजे १९५४-५५ च्या खासरा पाहणीतील किंवा स्वातंत्र्यपूर्व शाळा नोंदवहीतील नोंद ‘वैयक्तिक’ म्हणून दडवण्याला कायद्यात जागाच नाही. शिवाय जमिनीचे नकाशे आणि अभिलेख पाहण्याची व त्यांच्या प्रमाणित नकला घेण्याची सोय महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३२७ मध्ये आहे. तहसीलच्या अभिलेख कक्षात साधा नकलेचा अर्ज भरून जे काम आठवड्यात होते, त्यासाठी माहिती अधिकाराचा तीस दिवसांचा रस्ता धरण्याचे कारण नाही.

माहिती अधिकाराचा अर्ज लिहिताना आपल्या राज्याचा २०१२ चा नियम लक्षात ठेवावा: एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो दीडशे शब्द. ‘माझ्याविषयीची सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज हमखास परत येतो. त्याऐवजी आपल्या अर्जाचा क्रमांक व दिनांक, त्यावरील टिपणी भागाच्या प्रती, चौकशी अहवाल आणि नामंजुरीचा आदेश एवढेच मागावे. त्याच अर्जात ‘प्रती निवडण्यापूर्वी संचिका प्रत्यक्ष पाहू द्यावी’ हे वाक्य घालावे, कारण कलम २(ञ) मध्ये अभिलेखाची पाहणी हाही माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे. मी स्वतः पाहणीला नेहमी अधिक महत्त्व देतो. प्रतीत तुम्ही मागितलेली पाने येतात, पाहणीत न मागितलेलीही दिसतात. अर्जदाराच्या विरोधात गेलेला शेरा पुष्कळदा टिपणीच्या समासात पेन्सिलीने लिहिलेला असतो. जोडपत्र ‘अ’ या अर्जाच्या नमुन्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगण्याचे बंधन कोणावरच नाही.

‘अभिलेख आढळून येत नाही’ हे दुसरे ठरलेले उत्तर. ते अंतिम मानू नये. अभिलेख आढळत नसेल तर तो कधी, कोणाच्या ताब्यातून गेला याचा शोध घेऊन जबाबदारी निश्चित करावी लागते, केवळ ‘सापडत नाही’ म्हणून सुटका होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट केले आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ अन्वये अभिलेख बेकायदेशीरपणे हलवणे वा नष्ट करणे हा पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. एका प्रकरणात दोन वर्षे ‘वाळवीने नष्ट झाली’ म्हणून सांगितलेली संचिका, नष्ट केलेल्या अभिलेखांच्या यादीची प्रत मागताच आठ दिवसांत कपाटावरून खाली आली. कपाट तेच होते आणि वाळवी मला कोठे दिसली नाही.

मराठवाड्यात या सगळ्यावर आणखी एक थर आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे जुने दप्तर मोठ्या प्रमाणावर उर्दूत आहे, काही मोडीत आहे, आणि काही कागद आजही हैदराबादच्या तारनाका भागातील अभिलेखागारात आहेत. कागदावरील सन फसली, म्हणजे महसुली कालगणनेतला, असतो. इसवी सन काढण्यासाठी त्यात ५९० मिळवायचे, म्हणजे फसली १३४४ हे साधारण १९३४-३५ होय. नकलेत १३४४ वाचून अनेकांनी ती दुसऱ्याच कोणाची नोंद समजून बाजूला ठेवल्याचे मला ठाऊक आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केल्यापासून खासरा पत्रक, पाहणी पत्रक, क पत्रक, १९५१ ची नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही हे शब्द घरोघरी पोहोचले, ही त्या कामाची एक चांगली बाजू. त्याबरोबर जुन्या कागदात ‘दुरुस्ती’ करून देणारे दलालही पोहोचले, ही वाईट बाजू.

प्रश्नकर्त्याचे कोडे बहुधा येथेच सुटेल. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे ‘किसन’ आणि ‘कसन’ कागदावर एकसारखेच दिसतात. मूळ पत्रक उर्दूत असेल, तर ‘कसन’ ही मुळातली चूक नाही, ते नक्कल करणाऱ्याचे वाचन आहे. म्हणून टंकलिखित नकलेवर समाधान न मानता मूळ पानाची छायाप्रत मागावी आणि जाणकाराकडून भाषांतर करून घ्यावे. मोडी कागदांच्या बाबतीत राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाकडे विचारणा करावी.

यावरून मला सर्वांत आग्रहाने सांगायची गोष्ट येते. जुनी ऐतिहासिक नोंद दुरुस्त करायची नसते, ती समजावून सांगायची असते. सत्तर वर्षांपूर्वीच्या पत्रकाचे मोल ते कोणी हात न लावता आपल्यापर्यंत आले यात आहे. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून आला, तर तो खरा असल्याचे गृहीत धरण्याची मुभा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ९० ने न्यायालयाला दिली होती आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ९२ मध्ये आहे. त्या नोंदीत नवी शाई दिसली की हे गृहीतक गेले, आणि जात पडताळणी समितीचे दक्षता पथक शाई व अक्षर बघितल्याशिवाय राहत नाही. जात प्रमाणपत्राच्या कायद्यात जात सिद्ध करण्याचा भार कलम ८ नुसार अर्जदारावर आहे, त्यामुळे संशयाचा फायदाही मिळत नाही. तीन नोंदींत तीन नावे असली तरी सर्व्हे नंबर, आजोबांच्या वडिलांचे नाव, गाव आणि वारसाचा फेरफार (सातबाऱ्यावरील वारसनोंद) यांची साखळी जुळत असेल, तर व्यक्ती एकच हे दाखवता येते. प्रतिज्ञापत्र या साखळीला पुरवणी म्हणून चालते, तिच्या जागी नाही.

दुरुस्ती करायची ती चालू नोंदवहीत. मृत्यूची नोंद जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ खाली येते आणि त्याचे कलम १५ चुकीची नोंद सुधारण्याचा अधिकार निबंधकाला देते. त्यातील पद्धत बघण्याजोगी आहे: मूळ नोंदीत फेरफार न करता समासात दुरुस्ती लिहायची आणि तारखेसह सही करायची. म्हणजे चूकही दिसत राहते आणि दुरुस्तीही. ग्रामपंचायतीत हा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) द्यावा आणि त्यास शाळेच्या नोंदीची प्रमाणित प्रत जोडावी.

याच कायद्याबाबत बीड, धाराशिव, जालन्याच्या लोकांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथे होते, आईवडिलांच्या गावी नाही. ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याचे मूल सांगली-कोल्हापूरकडे किंवा सीमेपलीकडे कर्नाटकात कारखान्याच्या तळाजवळच्या दवाखान्यात जन्मले, तर त्याची नोंद तेथील निबंधकाकडे असते. आईबाप मात्र गावच्या ग्रामपंचायतीत शोध घेतात, ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला मिळतो, आणि मग विलंबित नोंदणीच्या फेऱ्यात अडकतात. त्यासाठी २०२३ च्या सुधारणेनंतर जिल्हाधिकारी किंवा प्राधिकृत दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि २०२५ पासून राज्यात त्याची छाननी कडक झाली आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळा प्रवेशापासून अनेक कामांसाठी जन्म दाखला हाच पुरावा ठरणार असल्याने, त्या हंगामात टोळी कोणत्या कारखान्यावर होती हे आठवून प्रथम तेथील नोंद शोधावी.

शाळेच्या नोंदीसाठी माध्यमिक शाळा संहिता पाहावी लागते. विद्यार्थी शाळा सोडून गेला की काहीच बदलता येत नाही, असे मुख्याध्यापक सांगतात. ते पूर्णतः बरोबर नाही. उघड दिसणारी लेखनाची चूक नंतरही दुरुस्त होऊ शकते, असे औरंगाबाद खंडपीठातील पूर्णपीठाने २०१९ साली सांगितले आहे. प्रश्नकर्त्याने मात्र आजोबांच्या नोंदवहीला हात लावण्याच्या भानगडीत पडू नये. तेथे ‘किसन’ बरोबरच आहे.

सातबाऱ्यावर ‘कसन’ हे नाव आजही वडिलांच्या नावापुढे लागत असेल, तर ती चूक लेखनप्रमाद म्हणून जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडून दुरुस्त होते, आणि हस्तलिखित सातबारा व संगणकीकृत सातबारा यांतील फरक दाखवणे हा त्याचा साधा पुरावा आहे. पण कलम १५५ ची मर्यादा ओळखावी. वारस कोण, हिस्सा किती, खरेदी खरी की खोटी असा वाद असेल तर तो या कलमात बसत नाही. अशा वादावर लेखनप्रमादाचा मुलामा चढवून मिळवलेला आदेश पुढे उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या अपिलात टिकत नाही, आणि मधल्या काळात भावकीत मात्र कायमचे वैर होते.

आधारची जन्मतारीख पुरावा म्हणून जोडण्याची सवय सोडावी. आधार हा जन्मतारखेचा निर्णायक पुरावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये एका अपघात भरपाईच्या प्रकरणात मान्य केले आहे. मतदार यादीतील चूक नमुना ८ भरून दुरुस्त होते. रुग्णालयातील स्वतःच्या उपचारांचे कागद मागितल्यापासून ७२ तासांत देण्याचे बंधन वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी डॉक्टरांवर घातले आहे. सरकारी नोकराने सेवापुस्तकातील जन्मतारखेविषयीचा अर्ज नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा, निवृत्तीच्या उंबरठ्यावर केलेले अर्ज फेटाळले जातात.

नव्या डेटा संरक्षण कायद्याने हे सगळे सोपे होईल का, असेही मला विचारले जाते. नागरिकांच्या हक्कांची त्यातील कलमे अठरा महिन्यांनी, मे २०२७ मध्ये लागू व्हायची आहेत. लागू झाल्यावरही कलम ११ चा पाहण्याचा आणि कलम १२ चा दुरुस्तीचा हक्क, ज्या डेटाच्या वापरास आपण संमती दिली किंवा जो आपण होऊन दिला, त्यापुरताच आहे. दाखले, अनुदाने, परवाने यांसाठी शासन कलम ७(ब) खाली जी माहिती वापरते तिला संमतीची गरज नाही. मग त्या हक्कांचा आधार तेथे कितपत चालेल, याविषयी मी साशंक आहे. शिवाय हा कायदा डिजिटल किंवा डिजिटल केलेल्या माहितीपुरता आहे. कापडात बांधलेल्या दप्तरापर्यंत तो पोहोचत नाही, आणि आपल्या भागातील भांडणे अजून त्या दप्तरातच आहेत.

प्रश्नकर्त्यापुढे आत्ता दोन मुदती धावत आहेत. माहिती नाकारल्याचे पत्र मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याच कार्यालयातील प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे जोडपत्र ‘ब’ मध्ये, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अपील करावे. तेथे न्याय न मिळाल्यास नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जाता येते. दुसरी मुदत जात प्रमाणपत्र नाकारल्याच्या आदेशाविरुद्ध २००० सालच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाच्या कलम ५ खालच्या अपिलाची, आणि तीही तीस दिवसांचीच आहे. बहुतेक अर्जदार माहिती हाती आल्यावर प्रमाणपत्राचे अपील करू म्हणून थांबतात आणि ती मुदत घालवून बसतात. तसे थांबू नये. कारणे लेखी नमूद करूनच अर्ज नाकारता येतो, आणि ती कारणे आपल्याला दाखवलेलीच नाहीत, हाच त्या अपिलातील पहिला मुद्दा करावा. मूळ खासऱ्याची छायाप्रत व भाषांतर हाती आल्यावर पुरवणी म्हणून सादर करावे, आणि पत्र आले त्या दिवशीचे टपालाचे पाकीट फेकून दिले नसेल तर तेही जोडावे, कारण मुदत त्यावरील शिक्क्यावरून मोजली जाईल.